अकरा जणांच्या भाकरी

समीक्षाचे बाबा,

मी पुलगावले बहिणीकडे चालली. मनगट लय सुजलं आहे. तुमचं साध्या राहणीवरचं भाषण ऐकून उद्या अकरा जण जेवाले येतात, ते तुम्हीच पाहजा. गिरणीचं पीठ तुम्हाले चालत नाई, म्हणून ज्वारी जात्यावर दळून ठेवली. पीठ ऊन पाण्यात मळजा, नाईतर भाकर फाटते. अंबाडी उकडून पिळून घेजा. साध्या जेवणाले काई लागत नाई, असं उद्या तरी म्हणू नका.

भाकरी जमल्याच नाई, तर तांदळाच्या डब्यात तळाशी बिस्किटांचा पुडा आहे. तुमच्या भाकरी झाल्यावर माझ्यासाठी थापाले हात उठत नाई. दोन वर्षांपासून मी तेच खाऊन राह्यली.

छाया