एक मूल, एक पासवर्ड

३ जुलै २००६
आजपासून आमच्या आश्रमशाळेत ऑनलाइन सामूहिक शिक्षण. जव्हार-मोखाड्यात पहिलाच प्रयोग, आणि तो माझा. शाळेच्या एकुलत्या कॉम्प्युटरवरून नेटवर गट काढला. नववीच्या प्रत्येक मुलाला स्वतंत्र पासवर्ड दिला. ऑगस्टअखेर ठाण्याचे साहेब बघायला येणार. पसंत पडलं तर माझी बदली जव्हारला, ऑफिसात, पंख्याखाली. या चिखलात आणखी एक वर्ष काढायचं म्हणजे शिक्षाच.
बायको पुष्पलता याच शाळेत शिकवते. म्हणाली, आधी फोनची लाइन तर चालू होऊ दे. तिला दूरदृष्टी कधीच नव्हती.

९ जुलै
लाइन बंद. लाइनमन भाताच्या आवणीला गेलाय. धन्य.

१५ जुलै
लाइन आली. गृहपाठ टाकला. बघतो तर सगळ्या वर्गाची उत्तरं एकट्या गोदीच्या नावावर! बाकीची पानं कोरी.
चौकशी केली. गोदी म्हणाली, आज माझा दिस व्हता, उद्या अर्जुनचा. म्हणजे आवणीत करतात तशी सावड. आज सगळे एकाच्या शेतात, उद्या सगळे दुसऱ्याच्या. ही माणसं कॉम्प्युटरवरही भात लावणार! मी ओरडलो, याला कॉपी म्हणतात. अर्जुन म्हणाला, गुरजी, एकट्याला येत नाय, सगळ्यांना येतं. वर उलट उत्तर! बाकावर उभा केला.
नवा नियम: एक मूल, एक पासवर्ड, एक खुर्ची. बाकीचे व्हरांड्यात. दाराला आतून कडी.

२ ऑगस्ट
नियम यशस्वी. खोलीत पूर्ण शांतता. उत्तरं येत नाहीत, पण एकाग्रता आली आहे.
पुष्पलता म्हणाली, समूहाला बाहेर बसवून सामूहिक कसलं? जेवताना करपलेली भाकरी नेमकी माझ्याच ताटात.

११ ऑगस्ट
गोदीने विचारलं, खाली बसून, आवाज न करता बघू का? नाही म्हटलं. ती व्हरांड्यात गेली. जरा वाईट वाटलं. चहा घेतल्यावर गेलं.

२१ ऑगस्ट
गट ओसाड. साहेबांना काय दाखवू, कपाळ? शेवटी सगळ्या मुलांच्या नावाने उत्तरं मीच लिहिली. खरी वाटावीत म्हणून प्रत्येकात दोन चुका घातल्या. या शाळेत मेहनत करणारा मी एकटाच.

२८ ऑगस्ट
साहेब आले. वाचून म्हणाले, इथली सगळीच मुलं 'तद्वतच' लिहितात का? मग म्हणाले, मुलांना बोलवा, माझ्यासमोर एक प्रश्न सोडवू दे.
मुलं आली. कुणी माउसला हात लावेना. गोदीच्या कानात म्हटलं, बाई गं, आजच्या दिवस सगळे मिळून करा, माझी इज्जत राख.
ती मोठ्याने म्हणाली, "गुरजी, तुमी कोनाच्या दिसाला आलं नाय. मग तुमच्या दिसाला कोन येल?"
साहेबांनी ऐकलं. वहीत काहीतरी लिहिलं. चहा न घेताच जीपमध्ये बसले.

४ सप्टेंबर
पत्र आलं. कॉम्प्युटर खोली पुष्पलताकडे. बदलीबद्दल अक्षर नाही. ही मूल्यमापनाची पद्धतच चुकीची आहे.
तिने पहिल्याच दिवशी दाराची कडी काढली. आत सगळे एका माउसभोवती, नुसता गलका. साहेबांना ईमेल करून खुलासा द्यावा म्हणून मी दारात गेलो. म्हटलं, मला जरा बसू द्या.
गोदी म्हणाली, आज अर्जुनचा दिस हाये. आधी त्याच्या कामाला बसा गुरजी, मग तुमचा दिस लावू.
मी म्हटलं, मला वेळ नाही. मघापासून व्हरांड्यात बसून आहे.