उणे आलेली वेळ

आई, काल तुझ्या नातीच्या एका गणिताचं उत्तर उणे आलं. निवत जाणाऱ्या वस्तूचं गणित, बारावीचं, तू शिकवायचीस तेच. आकडे तेवढे बदललेत. ‘मम्मी, टाइम मायनस आलाय, म्हणजे चुकलंय,’ असं म्हणत तिने खोडरबर हातात घेतलं. मराठी शिकवणाऱ्या आईकडून तिला काही उत्तर नकोच होतं, ती आपली स्वतःशीच बोलत होती. पण मी कणकेचे हात तसेच घेऊन तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, खोडू नकोस. माझा आवाज एवढा का चढला ते तिला कळलं नाही. तू गेल्यापासून हे गणित आपल्या घरात पहिल्यांदाच आलं होतं.

मी बारावीत असताना तू कॉलेजातून आलीस की स्वयंपाकघरातच शिकवायचीस, कारण टेबल म्हणावं असं तेवढं एकच होतं. शिकायला मी आणि हॉस्टेलवर राहणारी माझी देवळ्याकडची मैत्रीण. ऑक्टोबरचा उकाडा आहे, खिडकी उघडी आहे आणि तू कपात चहा ओतून मुद्दाम शेजारी जाऊन बोलत उभी राहिली आहेस. मग परत येतेस, लॅबमधून मागून आणलेला थर्मामीटर कपात बुडवतेस आणि म्हणतेस, आता लावा घड्याळ. चहा साठ अंशांवर. दहा मिनिटांनी पन्नास. खोली तीसवर. ओतला तेव्हा नव्वद होता असं धरा आणि सांगा, ओतला कधी? आम्ही लॉगटेबल उघडून बसलो. तू ‘थंड होणं’ म्हणायची नाहीस, ‘निवणं’ म्हणायचीस. चहा निवतो, दूध निवतं, ताप आलेल्याचं अंग निवतं. कॉलेजात सगळं इंग्रजीत चालायचं, पण तुझ्या टेबलावर मराठीत. म्हणूनच माझी ती चूक मराठीत झाली. उत्तर आलं उणे सतरा, आणि त्याखाली मी शाळेतल्या सवयीने लिहिलं, ‘परंतु वेळ ऋण असू शकत नाही, म्हणून हे उत्तर अग्राह्य.’ दहावीला वर्गसमीकरणात वय ऋण आलं की हेच वाक्य लिहायचो, त्याला अर्धा गुण असायचा.

तू ते वाक्य वाचलंस आणि पेन खाली ठेवलंस. ‘वय ऋण नसतं. शेताची लांबी ऋण नसते. वेळ असते. घड्याळ तू उशिरा लावलंस, त्यात चहाची काय चूक? शून्य आपण ठेवतो, बाळा. त्याच्या आधीपासून तो निवतच असतो.’ तू चिडली नव्हतीस, पण मला रडू आलं, कारण मैत्रिणीसमोर बोलली होतीस. ती मात्र गंभीरपणे म्हणाली, ‘मॅडम, आमच्याकडं चहा येवढा वेळ टिकतच नाय.’ तू टेबल धरून हसलीस. तुझं ते हसणं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. बोलण्याचा आवाज मात्र हल्ली नीट आठवत नाही, वाक्यं आठवतात.

त्यानंतर किती वर्षांनी तो शनिवार आला. मी कळवणच्या कॉलेजात शिकवते आहे. ‘गणिताच्या बाईच्या पोटी कवितेची बाई’ असं तू सगळ्यांना सांगतेस, सूर तक्रारीचा, चेहरा कौतुकाचा. शनिवारी अर्धा दिवस भरला, की मी वणी-दिंडोरीवरून नाशिकची गाडी धरते. त्या दिवशीही सीबीएस स्टँडला उतरून रिक्षाने घरी आले. जिन्यात तळमजल्याच्या काकू भेटल्या. ‘काय गं, एकटीच? मला वाटलं आज जावई दाखवायला आणतेस.’ मीही काहीतरी उलटं बोलले, दोघी हसलो, त्यांनी मेथी निवडता निवडता त्यांच्या भाच्याचं स्थळ सांगितलं, मी उभ्या उभ्या ऐकून घेतलं. मग वर आले. दार नुसतं लोटलेलं होतं. तू टेबलाशी खुर्चीत होतीस, डोकं भिंतीला टेकलेलं, चष्मा कपाळावर सरकवलेला. मी हाका मारल्या. हात धरला. हात अजून गार नव्हता.

ओट्यावर चहाचा कप होता, वर बशी झाकलेली. मी बशी काढून कपाला हात लावला. कोमट. आणि आई, त्या क्षणी, तू तिथे अशी बसलेली असताना, माझ्या मनात आलं की बशी होती म्हणून हळू निवला असणार. तू चहा कधी ठेवून द्यायची नाहीस. ओतलास आणि प्यायली नाहीस, म्हणजे झालं ते तेवढ्यातच. घड्याळ लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, आणि उत्तर उणे येणार. उणे तासभर आलं, तर मी तेव्हा गाडीत होते, दिंडोरीच्या पुढेमागे कुठेतरी, माझ्या हातात काहीच नव्हतं. उणे दहा मिनिटं आलं, तर मी खाली जिन्यात हसत होते आणि तू वर एकटी होतीस.

सोसायटीतले डॉक्टर आले, म्हणाले, फार वेळ झालेला नाही. फार वेळ म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. दादाने पुण्याहून फोनवर पहिलं तेच विचारलं, ‘कधी? नक्की कधी?’ तो इंजिनिअर, रडतानाही त्याला आकडा हवा होता. मी म्हटलं, माहीत नाही. अजूनही तो कधीतरी विचारतो, वर्षश्राद्धाच्या जेवणानंतर वगैरे, आणि मी तेच सांगते. ते खरंच आहे.

काल मी तुझ्या नातीला तुझीच वाक्यं सांगितली, शून्य आपण ठेवतो, त्याच्या आधीही तो निवत असतो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग काढायचं कशाला? होऊन गेलंय ना ते.’ मी पोळ्या लाटायला गेले. तू काय म्हणाली असतीस, ते मी रात्रभर शोधत होते.

हे पत्र कोणाच्या हाती जायचं नाही, म्हणून लिहिते. काकूंना हाक मारायच्या आधी, डॉक्टरांच्याही आधी, मी ओट्याशी उभी राहून तो चहा पिऊन टाकला. सगळा. म्हणजे मग कोणालाच काही काढता येणार नव्हतं, मलाही नाही. तुला साखर बंद केली होती ना गं, आई. फार गोड होता.