तिवरांआडचा बांध

दिवा,
१२ जुलै १९५३

ती. दादास,
सुमतीचा नमस्कार. प्रमोदिनीवहिनींनाही नमस्कार, आणि माझ्या शकूला पोटाशी धरून एक पापा. ती मराठी दुसरीत रुळली का? वहिनींच्या हातून वेणी घालून घेते, की अजून पळते?

दिव्याहून नौपाडा ते केवढंसं, आणि बाईसाहेब पत्रं कसली लिहितात, असं तू म्हणशील. याही शनिवारी येणं झालं नाही. शाळेच्या वृक्षारोपणाची गडबड होती. विमलाबाईंकडची खोली बरी आहे. त्या मला मुलीसारखं जपतात, फक्त त्यांचं कालवण माझ्या जिभेला झेपत नाही.

येऊरच्या वर्गाचं तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. वनखात्याने प्राथमिक शिक्षकांसाठी भरवलेला तो वर्ग, मी नाव द्यायला घाबरत होते, तर तूच म्हणालास, "जा गं, झाडांचं शिकून आलीस की वखारीवर तुलाच बसवतो." तुझी ट्रंक घेऊन गेले. आम्ही बायका मोजक्याच होतो. शिकवणाऱ्या रेंजरसाहेबांनी दोन खोकी तिरकी ठेवली, एकात नुसती माती, दुसऱ्यात हरळी लावलेली माती, आणि दोन्हींवर झारीने पाणी ओतलं. एकातून गढूळ लोंढा आला, दुसऱ्यातून जवळजवळ नितळ पाणी. इतकं साधं, पण मी रात्रभर त्याचाच विचार करत राहिले. शेवटी ते म्हणाले, प्रत्येकाने आपापल्या गावातलं एक तरी झाडांचं ठिकाण मुलांना दाखवा, आणि तिथे काय होतंय यावर लक्ष ठेवा. खाडीकाठच्या शाळांनी तिवर दाखवा.

तिवर म्हणजे खाडीच्या चिखलात उभी असतात ती झाडं. तुला काय सांगायचं म्हणा. इथे गावाची भातशेती खाडीपेक्षा सखल आहे. मधे मातीचा बांध, आणि बांधापुढे खाडीच्या अंगाला तिवरांची दाट रांग. लाटेचा मार ती खाते म्हणून बांध टिकतो. आमची शाळा बांधाच्या अलीकडे, शेतांच्या कडेलाच आहे.

मी मुलांना घेऊन गेले, तर तिवरं नव्हती. मिठागरापासून खाडीच्या वळणापर्यंत नुसते बुंधे. शीला म्हणून एक चिमुरडी आहे माझ्या वर्गात, तिने विचारलं, "बाय, झाडं कुठं हायेत?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली आणि मुलांना परत आणलं.

तू लाकडाच्या धंद्यातला, म्हणून विचारते. ही तोड कोणाची असेल, काही कानावर आलं आहे का?

पाऊस थांबेल तेव्हा येईन. शकूला खोकला असेल तर आडुळशाचा काढा द्यावा.

तुझी,
सुमती


दिवा,
९ ऑगस्ट १९५३, अमावास्या

ती. दादास नमस्कार.

तुझं उत्तर आलं नाही. वखारीत पावसाळ्यात कामाची घाई असते, हे मला ठाऊक आहे.

मागच्या पत्रात मी एक लिहिलं नव्हतं. मुलांना घेऊन बांधावर गेले त्या दिवशी वळणाशी मालाचा एक मचवा लागला होता आणि त्यात तिवराचा लाकूडफाटा भरणं चाललं होतं. भरून घेणारा माणूस पाठमोरा होता. तो वळला तर आपल्या वखारीचा पंढरी मुकादम. लग्न होण्याआधीपासून मी ज्याच्या हातावर चहाचा कप ठेवत आले, तोच. त्याने मला पाहिलं नाही. मी छत्री पुढे धरली आणि मुलांना म्हटलं, चला लवकर, भरती येतेय. भरतीला अवकाश होता, दादा.

म्हणून मी शनिवारी येत नव्हते. तुझ्यासमोर बसून जेवायचं आणि हे पोटात ठेवायचं, ते मला जमलं नसतं.

खोताकडून तू पलीकडच्या बेटावरची तोड घेतली असशील आणि पंढरीने मचवा लावायला सोपं म्हणून बांधालगतची तिवरं पाडली असतील, अशी मी मनाची समजूत घातली आहे. तसंच असेल ना?

आज अमावास्येचं उधाण आलं. दुपारी मी बांधावर गेले होते. या भागाची राखण तानाजीकडे आहे. त्याचा म्हातारा बाप गुणाजी अंथरुणाला खिळलेला. दोघं शेतातल्याच झोपडीत असतात. तानाजी कमरेइतक्या चिखलात उभा राहून पेंढा आणि माती बांधाला पडलेल्या भोकांत कोंबत होता. मी विचारलं, "टिकेल का?"

"आज टिकंल," तो म्हणाला. "आमचे बापाचे वेलेपासून टिकलाय. पन तवा म्होरं तिवर होती, बाय. आता लाट सरल बांधावर येते. पुनवेचं पानी याच्याहून मोठं असतंय."

मागच्या पौर्णिमेच्या उधाणानंतर शाळेच्या मागच्या वाफ्यात पाणी साचलेलं दिसलं होतं. पावसाचंच असेल म्हणून बोट बुडवून जिभेला लावलं. खारट लागलं.  तेव्हापासून वर्गात फळ्याकडे तोंड केलं की पाठीमागे पाणी आल्यासारखं वाटतं आणि मी वळून बघते. मुलं हसतात. मीही हसते.

मुलांना मी आता एक खेळ शिकवला आहे. घंटा सलग वाजली की पाटी-दप्तर टाकायचं, मोठ्याने धाकट्याचा हात धरायचा आणि रेल्वेच्या भरावावर जाऊन उभं राहायचं. आसपास तेवढीच एक उंच जागा आहे. पालक म्हणतात, बाईंना त्या झाडांच्या वर्गाने वेड लावलं. पाटलांनी तर विचारलं, "बाई, सरकार तुम्हाला शिकवायला पगार देतं की पळायला?"

दादा, पौर्णिमेच्या आत माणसं पाठव. तुझ्याकडे हमाल आहेत, मचवा आहे. दगड आणून बांधाच्या तोंडाशी टाकले तरी खूप होईल. कोणासाठी, का, काही सांगायची गरज नाही. मीही विचारणार नाही.

शकूला सांग, आई लवकर येते.

तुझी,
सुमती


दिवा,
३० ऑगस्ट १९५३

दादा,

तुझं कार्ड मिळालं होतं. "तू शाळा सांभाळ. बांध बघायला गावकरी आहेत. तोडीचं पावसाळ्यानंतर बघू. शकू मजेत." ते वाचून मी पौर्णिमेची वाट बघत बसले, दुसरं काय करणार होते?

नारळी पौर्णिमा कोरडी गेली. बांध टिकला. पाटील मला हसत म्हणाले, "काय बाई, आता तरी निवांत झोपा." मला खरंच लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पाढे चालू असताना, मोठी गाडी पुलावरून जाते तसा आवाज आला. पण गाडीचा आवाज पुढे सरकतो. हा एका जागीच होता. मी दारात आले. वळणापाशी बांध दिसतच नव्हता; तिथून पाणी आत येत होतं. त्याला घाई नव्हती. शेतांवरून पसरत, हिरवं भात झाकत ते येत होतं.

मी घंटा वाजवली. मुलांना वाटलं, रोजचा खेळ. हसतच निघाली, आणि ते बरं झालं. वाटेत पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा हसणं थांबलं. शीलाला मी कडेवर घेतलं. तिने माझ्या मानेभोवती इतकी घट्ट मिठी मारली की मला श्वास घेववेना, पण हात सोड म्हणवेना. भरावाची चढण चिखलाने निसरडी झाली होती. वर पोचतो तोच शिट्टी ऐकू आली. कल्याणकडून मालगाडी येत होती आणि माझी निम्मी मुलं रुळांवर उभी होती.

पुढे पाणी, मागे गाडी. मी ओरडत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मोठ्या मुलांनी धाकट्यांना ओढून खडीवर आडवं पाडलं. ड्रायव्हरने दुरूनच पाहिलं असावं. गाडी करकरत आमच्या अलीकडे थांबली. तो खाली उतरला आणि काही न विचारता मुलांना उचलून इंजिनात बसवू लागला. एकही मूल गेलं नाही, दादा. रोज मी त्यांची हजेरी घेते आणि प्रत्येक "हजर" ऐकून मला रडू येतं.

पण गुणाजी गेला. तानाजी बांधावर होता. झोपडीकडे धावेपर्यंत मधे पाणी आलं. ओहोटी लागल्यावर म्हातारा खाटेसकट दाराशी अडकलेला सापडला. तोंडात चिखल होता. गावाची सगळी लावणी खाऱ्या पाण्याखाली आहे. विमलाबाई म्हणतात, जमिनीतला खार उतरून भात धरायला वर्षं जातील. त्यांची म्हैस वाहून गेली, तरी रोज आधी माझ्यापुढे चहाचा कप ठेवतात. गावातल्या बायका शाळेत येऊन माझे हात हातात घेतात. म्हणतात, तुम्ही नसतात तर पोरं गेली असती. प्रत्येक वेळी मला वाटतं, आता कळलं यांना, आता हे हात सोडतील.

आणि दोष कोणावर आला आहे, ठाऊक आहे? तानाजीवर. पाटलांनी चावडीवर सांगितलं की राखण त्याची, भोकं त्याने बुजवली नाहीत, म्हणून बांध गेला. परवा प्रांतसाहेब पंचनाम्याला येणार आहेत. तानाजीचा जमिनीचा तुकडा जाईल असं लोक बोलतात.  तो बापाचे दिवस करतो आहे.

काल पंढरी आला. शाळा सुटल्यावर, मी एकटी असताना. दारातच उभा राहिला.

"बाई, तुम्ही पंचनाम्यात काही बोलू नका," म्हणाला. "शेटनी सांगितलंय."

मी म्हटलं, "दादाला माहीत नव्हतं ना, बांधालगत तोडताय ते?"

त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "शेट स्वतः बघून गेलेले जूनमध्ये. त्यांनीच खूण करून दिली, इथून तिथपर्यंत म्हणून."

म्हणजे तू आला होतास. वळणावरून आमच्या शाळेचं छप्पर दिसतं. मुलांचा आवाजही येतो तिथवर. तू तिथे उभा राहिलास आणि मला न भेटता गेलास.

निघताना पंढरी म्हणाला, "आणि शेट म्हणाले, शकूची काळजी करू नका म्हणावं. ती आमच्याकडेच आहे."

दादा, कालपासून हे एकच वाक्य माझ्या डोक्यात आहे. ते तू धीर द्यायला म्हणालास का? हे गेले तेव्हा मला आणि शकूला तू घरात घेतलंस, मला ट्रेनिंग कॉलेजात घातलंस, कधी बोलून दाखवलं नाहीस. तोच माणूस असं म्हणाला असेल तर त्याचा अर्थ सरळच असणार, असं मी स्वतःला सांगते. मग पुन्हा "आमच्याकडेच" हा शब्द आठवतो. मला पाण्याची जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी या शब्दाची वाटते. आणि भावाबद्दल आपण असा विचार करतो, याचीही.

मी गप्प बसले असते. हे तुला कळायला हवं. रात्री बारा वेळा ठरवलं की गप्प बसायचं. शकू सुखात आहे, तुझी वखार चालते, प्रमोदिनीवहिनींचा जीव आहे तिच्यावर. तानाजी माझा कोण? पण आज तो शाळेत आला. बापाचे दिवस अजून सरलेले नाहीत, तरी मुलांना द्यायचे म्हणून बाजारातून बुंदीचे चार लाडू फडक्यात बांधून आणले होते. "पोरं वाचली, ते पुन्य म्हाताऱ्याला लागूं दे," म्हणाला.

मी तिथेच त्याला सगळं सांगितलं. विमलाबाई होत्या, त्यांनीही ऐकलं. तिवरं माझ्या भावाने तोडली, हे मला जुलैपासून ठाऊक होतं, हेही सांगितलं. वाटलं, आता तो अंगावर येईल. विमलाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

तानाजीने लाडवांचं फडकं पुन्हा बांधून फळीवर ठेवलं. मग त्याने विचारलं, "तुमची पोर कुठं हाय?"

"ठाण्याला. भावाकडे."

"मंग आधी पोरीला घेऊन या," तो म्हणाला. "साहेबापुढं काय बोलायचं ते मंग बघू."

तो निघून गेला. त्याने मला माफ केलं असेल असं मला वाटत नाही. विमलाबाई अजून माझ्याशी नीट बोललेल्या नाहीत. पण उद्या पहिल्या गाडीला बरोबर येते, एवढं म्हणाल्या.

म्हणून हे पत्र मी टपालात टाकत नाही. उद्या सकाळी स्वतः आणून तुझ्या हातात देणार आहे. तोंडाने मला हे सांगता येणार नाही. तुझ्यासमोर मी आजही लहान होते आणि बोबडी वळते. तू वाचत बसशील तेवढ्या वेळात मी आत जाऊन शकूचे कपडे भरीन. वहिनींना त्रास देणार नाही.

परवा प्रांतसाहेबांपुढे मी तुझं नाव सांगणार आहे. त्याआधी तू स्वतः येऊन सांगितलंस तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन, गावाने कितीही शिव्या दिल्या तरी. तू आला नाहीस तर एकटीच सांगेन. मला फार भीती वाटते, दादा. 

वाचून झालं की रागाव, बोल, काय वाटेल ते म्हण. मी ऐकून घेईन. फक्त शकूचा हात धरून मी दाराकडे निघाले की तू मधे उभा राहू नकोस.

तुझ्याच उंबऱ्यावर थांबलेली,
सुमती