दोमितिलाची चिठ्ठी

३ सप्टेंबर

मेक्सिको शहरातली, नव्या खोलीतली पहिली सकाळ. खोली एवढीशी, पण खिडकीला ऊन आहे आणि चाळीच्या चौकातला नळ दारासमोरच. शेजारच्या दोमितिलाने ही खोली मिळवून दिली, तोर्तियाच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या दुकानातलं कामही तिनेच. तिचा नवरा गाउदेन्सिओ आणि माझा क्रिसांतो मार्चमध्ये एकाच टोळीबरोबर अमेरिकेची सीमा ओलांडायला उत्तरेला गेले. मेपासून दोघांचाही पत्ता नाही. गावात याची नुसती कुजबुज व्हायची. इथे निदान दोघींत वाटून घेता येतं. चाळीतल्या म्हाताऱ्या दोन्या चोले म्हणाल्या, रडायचं तर दोघी एकाच घरी रडा, कांदा तरी एकच लागेल. किती दिवसांनी हसले.

९ सप्टेंबर

चाळीचा सान हुदास पाहिला. हातभर उंच मूर्ती, हिरवा झगा, डोक्यावर ज्योत. सगळे उपाय थकतात तेव्हा ज्याच्याकडे जायचं, तो हा संत. दर अठ्ठावीस तारखेला तो एका घरातून पुढच्या घरी मुक्कामाला जातो. मुक्काम असेल त्या घरच्या बाईने आपलं मागणं चिठ्ठीवर लिहून त्याच्या पायाखालच्या पेटीत ठेवायचं. ते पुरं होईपर्यंत चिठ्ठीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सध्या तो दोमितिलाकडे आहे. तिला लिहिता येत नाही, म्हणून तिची चिठ्ठी मीच लिहिली. ती सांगत गेली, मी लिहीत गेले: ‘गाउदेन्सिओ जसा असेल तसा दोमितिलाकडे परत आण.’ जसा असेल तसा. मला ते फार आवडलं. माझी पाळी येत्या अठ्ठाविसाला.

१९ सप्टेंबर

गाउदेन्सिओचा फोन आला. दोमितिला दुकानात धावत आली आणि पिठाच्या हातांनीच मला मिठी मारली. तो एका कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला लागलाय, नोव्हेंबरातल्या मृतांच्या सणापर्यंत घरी येतो म्हणाला. मग मिठी सोडवून म्हणाली:

“क्रिसांतोचंही विचारलं गं मी, मिना.”

वाळवंटात दुसऱ्या दिवशी त्याचे पाय फुटले. तो एका झुडपाखाली बसला आणि बाकीच्यांना पुढे व्हा म्हणाला. ठेवून जायला पाणी कुणाकडेच नव्हतं.

संध्याकाळी ती नवऱ्याच्या शर्टांना इस्त्री करत गात होती. भिंत दोघींची एकच आहे, सगळं ऐकू येतं. तिने माझं इतकं केलं, आणि मला तिचं गाणं सोसवेना. त्या झुडपाखाली गाउदेन्सिओ का नाही बसला?

२८ सप्टेंबर

बायकांनी संताला गात माझ्या घरी आणलं. त्या गेल्यावर मी माझी चिठ्ठी लिहायला बसले. लिहून होईना. पेटीत तिची चिठ्ठी होती, ऐकली गेलेली. शब्द तिचे असले तरी अक्षर माझंच ना?

ब्लेडने ‘गाउदेन्सिओ’ खरवडलं. त्या जागी ‘क्रिसांतो’ लिहिलं. एकच शब्द.

४ ऑक्टोबर

गाउदेन्सिओचा रविवारचा फोन आला नाही. लाइन खराब असेल, दोमितिला म्हणाली. मीही तसंच म्हणाले. गाणं बंद आहे. मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

११ ऑक्टोबर

क्रिसांतो आला. भर दुपारी, चौकात उभा. मी धावले. तो दोमितिलाच्या दाराकडे चालला होता. ती कामावर होती. मी हात धरून त्याला माझ्या घरात आणलं. हात तापलेल्या पत्र्यासारखा. ओठ काळे पडलेले. घागरभर पाणी प्यायला, पण त्याची तहान तशीच. बोलला एवढंच:

“दोमितिला, पाणी.”

१३ ऑक्टोबर

चिठ्ठीत तिचं नाव तसंच राहिलंय. दोमितिलाकडे परत आण. आणि ‘जसा असेल तसा’.

१७ ऑक्टोबर

दिवसभर तिच्या भिंतीकडे तोंड करून बसतो. जेवत नाही. पापण्या मिटत नाहीत, कडांना वाळू आहे. पलीकडे ती खोकली की पुढे झुकतो. चौदा वर्षांच्या संसारात माझ्या खोकल्याला एकदा तरी वळून बघितलं होतं का?

२२ ऑक्टोबर

दोमितिला दारात रडत होती. कारखान्यातून निरोप आलाय: गाउदेन्सिओ काम टाकून, बूट तिथेच सोडून वाळवंटाच्या वाटेला चालत गेला. तिला आपली चिठ्ठी क्षणभर हातात धरायची होती. मी दार अर्धंच उघडलं. माझ्यामागे तो उठून उभा राहिला होता. दोन्या चोले म्हणाल्या, पोरी, तुझ्या घरातून उन्हाचा वास येतोय.

नाव पुन्हा लिहिलं तर गाउदेन्सिओ माघारी वळेलही. मग हा जाईल. कुठे, ते मला ठाऊक आहे.

२५ ऑक्टोबर

नाही लिहिणार. मेलेला असला तरी माझा आहे.

२७ ऑक्टोबर

भिंत खरवडतोय. बोटांना नखं उरली नाहीत. पलीकडून तिने विचारलं, मिना, काय चाललंय गं? तिचा आवाज ऐकून तो हसला. माझ्यासाठी कधी असा—

२८ ऑक्टोबर

चौकात बँड. आज संताचा सण, बायका त्याला न्यायला येतील. ब्लेड घेतलं. खरंच गाउदेन्सिओचं नाव लिहायचं होतं. हात तिच्याच नावावर गेला. ‘दोमितिला’ खरवडलं. कागद विरला, तरी लिहिलं— मिना. मिनाकडे परत आण.

खरवडणं थांबलं.

तो वळला. माझ्याकडे बघतोय. माझं नाव घेतलं, किती हळू—

दार वाजतंय. दोमितिला हाका मारतेय. उघडत नाही. मी घागर पुढे केली, पाणी नको म्हणतो. शेजारी येऊन बसलाय. डावा हात हातात घेतला त्याने— माझी जीभ कोरडी पडतेय, टाळूला चिकटते— आणि त्याच्या ओठांवर ओल— आता हा हातही—