या खेपेची अंगठी

मी, लालासाहेब केरू यादव, निवृत्त हवालदार, बॉम्बशोधक व नाशक पथक, राहणार आष्टा, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, कुरकुर हृदयाची आहे. उद्या सकाळी बायपास. डॉक्टर म्हणतात, "घाबरू नका." लोकांना लांब पिटाळताना मी जन्मभर हेच म्हणत आलो, त्यामुळे माझा त्यावर काडीचा विश्वास नाही.

१) आष्ट्याचं राहतं घर व बँकेतली ठेव पत्नी मनुबाई हिला. तिच्यामागे सगळं मुलगी पल्लवीचं. धाकटा भाऊ जयराज याला काहीही नाही. पल्लवीला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर तो म्हणाला होता, "आमचा दादा कवा उडंल नेम न्हाई." तो विसरला असेल, मी नाही.

२) गजराचं घड्याळ पल्लवीला. खंडाळ्याच्या स्टँडवर एका बेवारस गाठोड्यात ते टिकटिकत होतं. माणसं हटवली, मी पुढं गेलो, गाठ सोडली. आत हे घड्याळ, एक झबलं आणि शेंगदाण्याचे लाडू! न्यायला कुणी आलंच नाही, शेवटी साहेबांनी मलाच देऊन टाकलं. दुपारी डोळा लागला की त्या टिकटिकीत तो स्टँड अजून दिसतो. सगळीकडे ऊन, चिटपाखरू नाही, नुसता माझा श्वास ऐकू येतो. गाठोड्यापलीकडे एक बाई ते झबलं वाळत घालत असते. माझ्याकडे बघून हसते. का कोण जाणे, फार बरं वाटतं. पल्लवीने रोज किल्ली द्यावी.

३) पथकातला जोडीदार कृष्णात याला काही देत नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या. हे ऐकून तो म्हणाला, "लय उपकार झालं."

४) लग्नातली अंगठी. पुढं जाणाऱ्याने अंगावरचा धातू काढून जोडीदाराकडे द्यायचा, ही आमच्या पथकातली रीत. माझी अंगठी कायम कृष्णातच्या खिशात. तो म्हणायचा, "न्यायला ये रं गड्या, मी सांभाळत बसणार न्हाई." मी दरवेळी आलो. मनूला हे फार उशिरा कळलं. मग एवढंच म्हणाली, "अंगठी माझ्या नावाची, आन् वाट बघायला त्यो?"

आत्ताच नर्सबाई सांगून गेल्या, उद्या आत जाताना अंगावर धातू चालणार नाही. कृष्णातने सवयीने हात पुढं केला. मनूने त्याच्या हातावर चापटी मारली आणि आपला हात पसरला. मी अंगठी तिच्या तळहातावर ठेवली. भीती वाटते, मनू. आजवर कधी बोललो नाही.

ती मूठ मिटून म्हणाली, "न्यायला या. मी सांभाळत बसणार हाय."

तरी ही अंगठी या मृत्युपत्रातून वगळावी. ती कुणाला दिलेली नाही, ठेवायला दिली आहे.

सही: ला. के. यादव
साक्षीदार: १) कृष्णात बंडू कोळेकर, जत २) ॲड. प्रियदर्शनी पवार, सांगली
स्थळ: सांगली. दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५