पाय माझा, कण्हणं मंडळीचं

ती. ताईस,

प्रभूमध्ये सलाम. भावोजींनाही सलाम, पण ते झोपले असतील तर उठवून सांगू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? माझं विचारशील तर डोक्यापासून मांडीपर्यंत मी अगदी ठणठणीत आहे. त्याखाली प्लास्टर आहे.

चर्चच्या भिंतीवर ‘आपण सर्व एक शरीर’ असं रंगवायचं काम आम्हा दोघा भावांना मिळालं होतं, हे तुला ठाऊकच आहे. (दोघांपैकी एक सध्या तुझ्याकडे तुझ्या हातचं खातोय. त्याचा विषय मी या पत्रात काढणार नाही.) ‘एक’पर्यंत आलो, आणि खाली शिडी धरून उभा असलेला माणूस चक्क शिडी सोडून चालता झाला. पाठचा भाऊ म्हणे! का सोडली ते त्यालाच विचार, कारण अगदीच क्षुल्लक होतं. मी, शिडी आणि रंगाचा डबा असे तिघे एकदमच खाली आलो.

पाय दुखतो ते मी सोसलं असतं गं. पण पुढच्याच रविवारी मला खुर्चीसकट उचलून उपासनेला नेलं, आणि पाळकसाहेबांनी उपदेशाला माझा पायच घेतला. आपण सगळे एकाच शरीराचे अवयव, एकाला दुखलं की सगळ्यांना दुखतं, असं ते मोठ्या कळवळ्याने बोलले. ते बोलून मोकळे झाले. पण आमचे सेक्रेटरी (रिटायर झाल्यापासून त्यांना याद्या करायला काही मिळत नव्हतं) शेवटचं गीत संपायच्या आत वही घेऊन दाराशी हजर. माझ्या दुखण्याच्या पाळ्या लागल्या, सकाळी एक कुटुंब, दुपारी एक. नुसतं भेटून जायचं नाही, सोबत बसून दुखवून घ्यायचं.

सोमवारी घड्याळजी आले. ज्या स्टुलावर माझा पाय होता त्यावर त्यांनी स्वतःचा ठेवला, माझा उचलून बादलीवर ठेवला, आणि कण्हायला लागले. इतकं सुरेख कण्हत होते की शेजारीण गरम पाण्याची पिशवी घेऊन धावत आली, त्यांच्यासाठी! मंगळवारी शाळेतल्या बाई लंगडतच जिना चढल्या, आणि उतरताना त्यांचा पाय खरोखरच मुरगळला. आता त्यांच्याही नावाचं पान उघडलंय आणि गुरुवारी दुपारी तिथे माझी पाळी आहे. (प्लास्टरसकट. सेक्रेटरी म्हणतात, अवयवाला रजा नसते.) शिंपीमामांची माया तर विचारूच नकोस. प्लास्टर आत जावं म्हणून माझ्या झाडून सगळ्या पँटींचा एकेक पाय त्यांनी घरी नेऊन उसवून आणला, लग्नातल्या सुटाचासुद्धा. सगळे डावे. पाय उजवा मोडलाय. माझ्यासमोर बसून बघून गेले होते ना, त्यांच्या डावीकडे दिसला तो डावा!

आणि चिडू तरी कुणावर? मनापासून करतात गं सगळे. काल दहा-बाराजण माझ्याभोवती हात धरून प्रार्थनेला उभे राहिले, आणि माझ्या डाव्या हाताशी जागा रिकामी राहिली. कुणीतरी विचारलं, धाकटा कुठाय? मी म्हटलं, कामात आहे. डोळे मिटून खोटं बोललो.

असो. गुडघ्यांना शेक देत जा.

तुझा,
आडवा पडलेला भाऊ

ता. क. हे पत्र धाकट्याला अजिबात दाखवू नकोस.

ता. क. दाखवलंस तरी चालेल. शिंपीमामांचं त्याला मोठ्याने वाचून दाखव, तो हसेल.

ता. क. ताई, शिडी त्याने आपणहून सोडली नाही. तो खालून सांगत होता, अक्षरं उजवीकडे उतरतायत. मी वरून ओरडलो, सोड ती शिडी आणि चालता हो, मला तुझी काही गरज नाही. पाळकसाहेबांनी त्याच उपदेशात हेही सांगितलं होतं, की हाताने डोळ्याला असं कधी म्हणायचं नसतं. तेवढा वेळ मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्याला पाठवून दे. ‘शरीर’ राहिलंय, आणि मी दुसऱ्या कुणाला तिथे ब्रश लावू दिलेला नाही. त्या दिवशी खुर्चीतून, खालून, भिंत नीट बघितली. अक्षरं चांगली वीतभर उतरलीयत.