भोंग्याची छाती, मामीच्या चकरा

४ डिसेंबर
नणंद दवाखान्यात आली, भाच्याला घेऊन. वय वर्षं चार, घरातलं नाव भोंगा. आज खोकलाही नावाला शोभेल असा – बाहेर रांगेतली पोरं रडायची थांबून ऐकत होती! तपासला. छातीत घरघर, ताप किरकोळ, पण श्वास संथ, बरगड्या आत ओढल्या जात नाहीत. साधा ब्राँकायटिस, विषाणूंचा. म्हटलं, "अँटीबायोटिकचा काही उपयोग नाही. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळेल. श्वासाकडे लक्ष ठेव."
"वहिनी, जरा स्ट्राँग काहीतरी दे ना गं!"
"स्ट्राँग हवंय? चहा घे."
बोलायला नको होतं. तोंड फुगवून गेली.

५ डिसेंबर
नवऱ्याने सकाळी बातमी दिली. नणंद दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन अँटीबायोटिकची बाटली घेऊन आली म्हणे. घ्या! घरची डॉक्टर ती फुकटची डॉक्टर. मरू दे, मला काय!

मला काय कसं? माझंच चुकलं असेल तर? उद्या न्यूमोनिया निघाला तर? दिवसभर आयांना सांगते, घाबरू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

संध्याकाळी फोन करून गेलेच. निमित्त – तिच्या डब्याचं झाकण परत करणे. भोंगा पुढच्या खोलीत झोपलेला, अंगात शर्ट नाही. थंडीचे दिवस आणि पोर उघडं! काय ही आई! पण श्वास मोजायला बरं पडलं. ठीक आहेत. बाटली फळीवर दिसली. आतली पावडर कोरडीच, अजून पाणी घातलेलं नाही. हुश्श!

६ डिसेंबर
आज डबा परत केला. झाकण काल, डबा आज – नणंदेने भुवया उंचावल्या. भोंगा जागा होता. पुन्हा उघडा!
"मामी, माझ्या पोटाकडे का बघतेस?"
"बेंबी जागेवर आहे का बघते."
मग पठ्ठ्याने गाल फुगवून श्वासच रोखून धरला. माझाही थांबला!
नणंदेने कप आदळला. "घे. स्ट्राँग आहे."

७ डिसेंबर
निमित्तं संपली. स्क्रूड्रायव्हर मागायला निघाले. नवरा म्हणाला, "आपल्याकडे तीन आहेत." "तू गप्प बस." खोकला तसाच, ताप गेला. भोंगा सोफ्यावरून उड्या मारतोय, उघडाच. बाटली कोरडी.

८ डिसेंबर
दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही. जाणं झालं नाही. जीव टांगणीला.

८ डिसेंबर, पुन्हा
दवाखाना बंद करत होते, तर दारात नणंद. कडेवर भोंगा, पर्समध्ये बाटली. टेबलावर बसवला, त्याचा स्वेटर वर केला.
"आज आली नाहीस. मोज."
मी घड्याळ समोर धरलं.
"रोज तुझ्या यायच्या वेळेला शर्ट काढून बसवते याला, तुला नीट दिसावं म्हणून. आज वाट बघून बाटली उघडायला घेतली होती... म्हटलं, आधी वहिनी."
श्वास दोनदा मोजावे लागले. भोंगा अगदी शहाण्यासारखा बसला होता. घड्याळाचा काटाच मला धड दिसेना.